नागपुरात पहिला फ्लॅट: बेसाची नवी स्कीम की खामल्याकडचा जुना अपार्टमेंट?

पळसफूल

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथलं नुसतं वाचतेय, आज पहिल्यांदा स्वतःचा प्रश्न घेऊन आले. गेले सहा महिने दर रविवारी आम्ही घरं बघत फिरतोय. आता असं झालंय की दोघांपैकी एकानं "घेऊन टाकू" म्हटलं की दुसरा गप्प बसतो.

मी मिहानमधल्या, म्हणजे विमानतळाजवळच्या उद्योगक्षेत्रातल्या, एका कंपनीत आहे, नवरा सीताबर्डीला बँकेत. सासूबाई आमच्यासोबत असतात, त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. मुलगी साडेतीन वर्षांची. सध्या प्रतापनगरला १६ हजार भाडं देतो. जमवलेले १३ लाख आहेत. सगळं धरून पन्नासच्या वर जायचं नाही, असं ठरवलंय.

दोन फ्लॅटवर गाडी अडली आहे. पहिला बेसा-बेलतरोडीकडे, नव्या स्कीममध्ये, सातवा मजला, टू बीएचके. काम सुरू आहे, ताबा दीड वर्षानं. भाव ४४ लाख सांगतात. क्लब हाऊस, जिम, छोटा स्विमिंग पूल. दुसरा खामला-स्नेहनगरच्या मधल्या भागात, १७ वर्षं जुना अपार्टमेंट, स्टिल्टवर (खाली खांबांमध्ये पार्किंग) चार मजले, एकूण आठच फ्लॅट. आम्ही बघितला तो दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट आहे. हॉल लहान, किचनचा ओटा उखडलेला, पण खिडकीसमोर कडुनिंब आहे आणि आई, म्हणजे सासूबाई, तिथेच दहा मिनिटं उभ्या राहिल्या. मागतात ४६.

नव्या स्कीमवाले म्हणतात, रविवारपर्यंत एक लाख बयाणा द्या, नाहीतर हा भाव राहणार नाही. तुमच्यापैकी कोणी या भागांत राहत असेल तर खरं काय ते सांगा.

तर्रीपोहे

ताई, पह्यले त रविवारच्या आत बयाणा देऊ नका. भाव वाढते म्हणून घाई करवतात, मले बी केली होती.

मी बेसाले सहा वर्षांपासून राहून राहिलो. चांगलं काय ते आधी सांगतो. हवा मोकळी हाय, रस्ते आता बरे झाले, पोट्टे खाली सायकल चालवते, शेजारी सगळे आपल्याच वयाचे. संध्याकाळी बायको आन् मी फिरायले निघतो त अर्धी स्कीम भेटते. मले घर घेतल्याचा पस्तावा नाई.

पण पाणी. बेसा महानगरपालिकेच्या हद्दीबाहेर हाय. शहरात नळाले जे पेंचचं पाणी येते, ते आमच्या स्कीममधी नाई. बोअर हाय, होळीपर्यंत चालते, मंग टँकर. एप्रिल-मे मधी कूलर दिवसभर चालते आन् कूलर किती पाणी पिते हे नागपूरच्या माणसाले सांगा लागत नाई. मागच्या उन्हाळ्यात आमच्या मेंटेनन्सच्या वर टँकरचे वेगळे पैसे द्या लागले. बोअरचं पाणी बी इतकं जड हाय का दोन वर्षांत गिझर गेला. तुमची स्कीम कोणती ते मले माहीत नाई, तिथं वेगळं असू शकते. त्याच गल्लीत चार-पाच वर्षं जुनी स्कीम शोधा, तिथल्या चौकीदाराले विचारा का मे महिन्यात दिवसाले टँकर किती येते. तो खरं सांगते.

मोरभवन

बेसाहून मेट्रो गाठायला आधी गाडी काढावीच लागते. तुम्ही मिहान आणि साहेब सीताबर्डी, म्हणजे दोघंही एकाच ऑरेंज लाइनवर, एक दक्षिणेकडे जाणार, एक उत्तरेकडे. छत्रपती चौक किंवा जयप्रकाशनगर स्टेशनला पायी जाता येईल असं घर मिळत असेल तर दुसऱ्या गाडीचा खर्च वाचतो. खापरीहून पुढे कंपनीची बस आहे का बघा.

पळसफूल

@तर्रीपोहे, मनापासून धन्यवाद. टँकरचं आम्ही विचारलं होतं, उत्तर आलं, "पाण्याचा काहीच प्रॉब्लेम नाही मॅडम." चौकीदाराला विचारायचं सुचलं नव्हतं.

@मोरभवन, खापरीपासून बस आहे. खामल्याच्या फ्लॅटपासून जयप्रकाशनगर स्टेशन मी परवा चालून बघितलं, माझ्या चालीनं बारा मिनिटं. उन्हात काय होईल माहीत नाही.

वास्तुरेखा

मी आर्किटेक्ट आहे, नागपुरातच काम करते, म्हणून दोन्ही फ्लॅट न बघताही थोडं सांगू शकते.

आपल्याकडे घर मे महिन्यात बघावं. २३ मे २०१३ ला शहरात ४७.९ अंश नोंदले गेले होते. एरवीही ४४-४५ ही आपली सवयीची दुपार आहे. त्यामुळे मजला आणि दिशा या दोन गोष्टी इथे पुण्या-मुंबईपेक्षा जास्त मोलाच्या. सातव्या मजल्यावर डोक्यावर आणखी मजले आहेत की गच्ची? बेडरूमची भिंत पश्चिमेला आहे का? पश्चिमेची उघडी भिंत दुपारी तीनपासून तापते आणि रात्री बारापर्यंत आत उष्णता सोडत राहते. तिथे आई किंवा लहान मूल झोपणार असेल तर मी तो फ्लॅट घेऊ देणार नाही. खिडकीसमोर झाड आहे म्हणालात ना, त्याची किंमत ब्रोकरच्या कागदावर कुठेच लिहिलेली नसते, पण मे महिन्यात ते झाड रोज तुमच्यासाठी काम करतं.

दुसरं, कूलर कुठे लागणार? नव्या स्कीम्समध्ये एलेव्हेशन सुंदर दिसावं म्हणून बाहेरून कूलर टांगायला बंदी असते आणि एसीच्या आउटडोअर युनिटला तेवढी जागा ठेवतात. चार महिने तीन खोल्यांत एसी चालवायची तयारी आहे का, हे आत्ताच घरात बोलून घ्या. जुन्या फ्लॅटमध्ये खिडकीखाली कूलरचा लोखंडी स्टँड दिसला असेल. तो गंजलेला असला तरी चालेल, पण त्याखालची भिंत ओलीनं फुगली आहे का ते हातानं दाबून बघा.

तिसरं, जमीन. नागपूरच्या बऱ्याच भागांत खाली काळी माती आहे. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. पाया नीट खोल गेलेला नसेल तर भिंतींना तिरप्या भेगा पडतात, खिडकीच्या कोपऱ्यातून निघून वर जाणाऱ्या. प्लास्टरच्या केसासारख्या बारीक रेघांना घाबरू नका, पण नाणं शिरेल अशी तिरपी भेग असेल तर एखाद्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. सतरा वर्षांत इमारत जितकी बसायची तितकी बसलेली असते, हा जुन्या घराचा एक फायदा मला नेहमी वाटतो. ते काय आहे ते डोळ्यांना दिसतं.

आणि कार्पेट एरिया विचारलात का? "हजार फुटांचा टू बीएचके" हे सुपर बिल्टअप असतं, म्हणजे जिना, लॉबीचा वाटाही धरून. रेरा, म्हणजे बांधकाम प्रकल्पांच्या नियमनाच्या कायद्यात कार्पेटची व्याख्या ठरलेली आहे. आतल्या भिंती त्यात येतात, बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी येत नाहीत. दोन्ही फ्लॅटचे आकडे कार्पेटमध्ये मांडल्याशिवाय तुलना करू नका.

पळसफूल

नव्याचा कार्पेट ६४५ फूट निघाला, ब्रोशरवर १०२० होतं. जुना फ्लॅट आम्ही टेपनं मोजला, ७१० च्या आसपास. मला हॉल लहान वाटला कारण तिथे मोठा सोफा ठेवला होता.

अंबाझरीकाठ

एक गोष्ट कोणी बोललं नाही म्हणून लिहिते. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे मी माझ्या घरातल्या डायनिंग टेबलवर उभी होते. त्या रात्री काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीचं पाणी आमच्या लेआउटमध्ये शिरलं. तळमजल्यावर चाळीस वर्षं राहिलेलो आम्ही, कधी अंगणातही पाणी आलं नव्हतं. सकाळी फ्रिज आडवा तरंगत होता. माझ्या आईचे लग्नातले फोटो गेले. चिखल काढायला आठ दिवस लागले आणि वास जायला दोन महिने.

घाबरवायला सांगत नाहीये. शहरातून नाग, पिवळी आणि पोहरा अशा तीन नद्या वाहतात. आपण त्यांना नाला म्हणायला लागलो आणि त्या नदी आहेत हेच विसरलो. पोहरा तर सहकारनगरकडून तुमच्या खामल्याच्याच बाजूनं येते. तुम्ही बघितलेल्या इमारतीपासून पात्र किती लांब, पातळी किती खाली, हे स्वतः चालत जाऊन बघा. समोरच्या किराणा दुकानदाराला विचारा की तेवीसच्या पावसात दुकानाच्या पायरीला पाणी लागलं होतं का. बेसाकडेही नवे लेआउट शेतातून काढलेत, ओढे बुजवून रस्ते झालेत का ते जुने गावकरी सांगतील. आणि काहीही झालं तरी बेसमेंट पार्किंगवाली इमारत असेल तर पंप आणि जनरेटर कुठे बसवलाय ते बघा. खाली असेल तर पाणी आल्यावर आधी तोच बुडतो.

पळसफूल

अंबाझरीकाठ ताई, वाचून गलबलून आलं. खामल्याला उद्या ऑफिसआधी जाते.

गोधनीची_सून

बजेट पन्नास असेल तर मानकापूर, गोधनीकडे का नाही बघत? तेवढ्यात थ्री बीएचके येतो. ऑरेंज लाइन ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत आहेच.

मोरभवन

@गोधनीची_सून, त्यांना मिहानला जायचंय, रोज अख्खं शहर ओलांडावं लागेल. कोराडी रोडच्या पुढच्या भागात औष्णिक केंद्राच्या राखेचाही विचार करावा लागतो. ज्यांची नोकरी कामठी, कोराडीकडे आहे त्यांच्यासाठी तो भाग उत्तमच आहे. तसंच पूर्वेला वाठोडा-पारडीकडे स्वस्त मिळतं, पण भांडेवाडीच्या डम्पिंग यार्डकडून वारा कधी येतो ते बघून घ्यावं लागतं.

मनीषनगर बघितलं होतं का? रेल्वेलाइन ओलांडायची पूर्वीची डोकेदुखी बरीच कमी झालीय.

पळसफूल

बघितलं. आवडलंही. पण आमच्या बजेटमध्ये मिळत होता तो चौथा मजला, लिफ्टशिवाय. आईंमुळे तो प्रश्नच मिटला.

जुनीशुक्रवारी

चाळीस वर्षं वकिलांच्या कार्यालयात दस्त तयार करण्यात गेली, आता निवृत्त आहे. ताई, भागाची चर्चा चांगली चालली आहे, मी कागदांबद्दल बोलतो. जरा लांबेल, पण शेवटपर्यंत वाचा.

आपल्याकडे मुंबईसारखी सहकारी सोसायटी कमी आणि अपार्टमेंट कंडोमिनियम जास्त. महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप कायदा, १९७० चा. सोसायटीत जमीन आणि इमारत सोसायटीच्या नावावर होते आणि तुम्ही सभासद असता. कंडोमिनियममध्ये तुमच्या नावानं फ्लॅट होतो आणि त्याच्यासोबत खालच्या जमिनीत, जिन्यात, गच्चीत तुमचा अविभाज्य हिस्सा होतो, टक्क्यांत. हा टक्का 'डीड ऑफ डिक्लरेशन' नावाच्या नोंदणीकृत दस्तात लिहिलेला असतो. लोक फ्लॅटच्या टाइल्स बघतात, हा दस्त कोणी मागत नाही. उद्या इमारत पाडून नवी करायची वेळ आली तर तुमच्या हातात तो टक्का असणार आहे, टाइल्स नाही.

म्हणून जुन्या फ्लॅटसाठी डिक्लरेशनची प्रत मागा आणि आठही फ्लॅटचे टक्के कागदावर मांडून बेरीज करा. शंभर आलीच पाहिजे. शंभराच्या खाली आली तर उरलेला हिस्सा कोणाकडे आहे ते विचारा. मी अशी इमारत पाहिली आहे जिथे बिल्डरनं बारा टक्के स्वतःकडे ठेवले आणि दहा वर्षांनी गच्चीवर हक्क सांगत आला. नव्या स्कीमसाठी करारनाम्याचा मसुदा आधी मागा. त्यात 'भविष्यातील एफएसआय' (प्लॉटवर किती बांधकाम करता येतं त्याचं प्रमाण), 'गच्चीचे हक्क', 'लगतच्या जमिनीचे एकत्रीकरण' असे शब्द शोधा. पार्किंग वेगळं विकत आहेत का तेही बघा. सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्ये स्पष्ट केलंय की स्टिल्टखालची पार्किंगची जागा सामाईक असते, बिल्डर ती फ्लॅटसारखी स्वतंत्र विकू शकत नाही.

नंतर जमीन. नागपुरातला लेआउट कोणी मंजूर केला हा पहिला प्रश्न. सुधार प्रन्यासचा लेआउट, महानगरपालिकेचा, की हद्दीबाहेर एनएमआरडीएचा, म्हणजे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचा? शहरात शेकडो लेआउट आधी खासगी पाडले गेले आणि मग गुंठेवारी कायद्याखाली नियमित झाले. आपल्या बोलण्यातले '५७२ आणि १९०० लेआउट' ते हेच. अशा प्लॉटवर इमारत असेल तर आरएल, म्हणजे नियमितीकरणाचं पत्र, आणि डिमांड, म्हणजे त्यासाठी आकारलेली रक्कम, भरल्याची पावती लागते. जुन्या शहरात, सिव्हिल लाइन्स, धंतोलीकडे, नझूलची, म्हणजे सरकारी मालकीची भाडेपट्ट्याची जमीन निघते, तिथे पट्टा नूतनीकरण किंवा फ्रीहोल्ड झालाय का ते बघावं लागतं. बेसाच्या जमिनीसाठी सातबारा आणि अकृषक आदेश बघा.

मंजूर नकाशा आणि प्रत्यक्ष इमारत शेजारी ठेवून बघा. नकाशात चार मजले आणि वर पाचवी खोली बांधलेली असेल तर ती तुमचीही डोकेदुखी होते. भोगवटा प्रमाणपत्र, ज्याला सगळे ओसी म्हणतात, ते नसेल तर थांबा. "काम चालू आहे, येऊन जाईल" या वाक्यावर कोणाचं घर उभं राहू नये.

नवी स्कीम महारेराच्या, म्हणजे राज्याच्या रेरा प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर उघडा. १ मे २०१७ पासून ही सोय आहे. मंजूर नकाशे, किती फ्लॅट विकले, ताब्याची तारीख कितीदा पुढे ढकलली, कोर्टात काही चालू आहे का, सगळं दिसतं. आणि बयाण्याबद्दल एक. नोंदणीकृत करारनाम्याआधी किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेणं रेरा कायद्याच्या कलम १३ नं बंद केलंय. तुमच्याकडून एक लाखच मागतात, ते बेकायदेशीर नाही. पण पावतीवर 'परत मिळणार नाही' असं छापलेलं असेल तर सही करू नका.

शेवटी तीस वर्षांचा सर्च, म्हणजे मालकीच्या नोंदींचा तपास. दोन-चार हजार वाचवायला हा टाळू नका. वकील आपला असावा, विकणाऱ्यानं सुचवलेला नको.

तर्रीपोहे

काका, प्रिंट काढून ठेवा लागते हे.

हिशोबवही

काकांनी कागद सांगितले, मी आकडे सांगतो, कारण ताईंनी "सगळं धरून पन्नास" म्हटलंय आणि ते सगळं अजून धरलेलं दिसत नाही.

नवा फ्लॅट ४४ म्हणालात. पार्किंग आणि 'इन्फ्रा'चे किती मागतात? बांधकाम सुरू असलेल्या घरावर जीएसटी लागतो. नागपूरसारख्या शहरात कार्पेट ९० चौरस मीटरच्या आत आणि रक्कम ४५ लाखांच्या आत असेल तर १ टक्का, नाहीतर ५ टक्के. पण त्या ४५ लाखांत पार्किंग, डेव्हलपमेंट चार्ज, मोक्याच्या जागेचे जादा पैसे हे सगळं मोजतात. सेल्सवाले ४४ धरून एक टक्का सांगतात, बिल येतं तेव्हा पाच टक्के निघतात. ओसी मिळालेल्या तयार घरावर जीएसटी नाही. दोन्हींवर मुद्रांक शुल्क आहेच, मूळ ५ टक्के आणि त्यावर स्थानिक संस्था आणि मेट्रोचे अधिभार. नोंदणीचे ३० हजार धरून साडेसात-आठ टक्के बाजूला काढूनच ठेवा. करारातली रक्कम आणि रेडी रेकनर, म्हणजे सरकारनं ठरवलेलं बाजारमूल्य, यात जी जास्त तिच्यावर शुल्क लागतं, हेही लक्षात असू द्या.

कर्ज ३० ते ७५ लाखांत बसत असेल तर बँक घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच देते, आणि मुद्रांक, नोंदणीचा खर्च त्या किमतीत धरत नाही. ४६ च्या घराला जास्तीत जास्त ३६.८ लाख. म्हणजे ९.२ तुमचे, वर साधारण साडेतीन शुल्काचे. तुमचे १३ तिथेच संपतात. ओटा, प्लंबिंग, रंग कशातून करणार? भाव पाडून घ्या किंवा थोडं थांबा, पण त्यासाठी वैयक्तिक कर्ज काढू नका, हात जोडून सांगतो. साडेआठ टक्के दरानं वीस वर्षांसाठी लाखाला ८६८ रुपये हप्ता पडतो, त्यावरून तुम्हीच मांडा. आणि नव्या घराच्या हिशोबात ताब्यापर्यंतचं भाडं लिहा, अठरा महिने गुणिले सोळा हजार.

घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. जोडीनं नवऱ्याचं नाव घातलं की ती जाते. मात्र मालकीत नाव नसेल तर हप्ता भरूनही त्याला करात वजावट मिळत नाही. दोन्ही बाजू मांडून ठरवा.

पळसफूल

हिशोबवही दादा, काल रात्री दोघं वही घेऊन बसलो. नव्या स्कीमला पार्किंगचे २ लाख आणि इन्फ्राचे दीड, ब्रोशरच्या मागच्या पानावर बारीक अक्षरात होते. म्हणजे ४७.५. पाच टक्क्यांनी जीएसटी २.३७ लाख. शुल्क साडेतीनच्या वर. त्रेपन्न ओलांडले. भाड्याचे २ लाख ८८ हजार मिळवले तर छप्पन्नच्या वर. नवरा बराच वेळ वहीकडे बघत होता.

बाकीचंही सांगते. त्याच गल्लीतल्या पाच वर्षं जुन्या स्कीमच्या चौकीदारांशी बोललो. मे महिन्यात रोज सहा ते सात टँकर. त्यांनी तारखा लिहिलेली वही उघडून दाखवली. करारनाम्याचा मसुदा मागितला तेव्हा "बुकिंगनंतर देतो" म्हणाले. मी अडून बसले, मग मोबाइलवर पाठवला. काकांनी सांगितलेले शब्द शोधले. भविष्यातला एफएसआय आणि गच्ची, दोन्ही त्यांच्याकडे. विचारलं तर उत्तर, "मॅडम, सगळेच सही करतात." तिथली मुलगी वाईट नव्हती, तिला खरंच त्यात काही वावगं वाटत नव्हतं. बयाणा दिला नाही.

खामल्याला सकाळी सहाला गेले. महापालिकेचं पाणी येतं, खाली टाकी भरताना बघितली. पोहरेचं पात्र तीन गल्ल्या पलीकडे, बऱ्यापैकी खाली. किराणावाले काका म्हणाले, तेवीसला रस्त्यावर घोट्याएवढं होतं, पायरीला लागलं नाही. विमानांचा आवाज येतो, तो मान्य. पण त्या इमारतीतल्या एका काकूंनी चहाला बसवलं तेव्हा दुसरी बाजू कळली. आठांपैकी दोन फ्लॅटवाले मेंटेनन्स देत नाहीत, लिफ्टचा एएमसी, म्हणजे वार्षिक देखभालीचा करार, गेल्या वर्षी संपला तो केलाच नाही, गच्चीचं वॉटरप्रूफिंग बाकी आहे. शिलकीत ११ हजार रुपये.

वास्तुरेखा

हे घर न घेण्याचं कारण नाही, भाव कमी करून मागण्याचं कारण आहे. गच्ची, लिफ्ट आणि आतलं जुनं लोखंडी पाइपिंग यांचं एका कंत्राटदाराकडून लेखी एस्टिमेट घ्या आणि तो कागद मालकांसमोर ठेवा. तोंडी घासाघीस करू नका.

जुनीशुक्रवारी

आणि मालकांकडून मेंटेनन्सची थकबाकी नाही असं असोसिएशनचं पत्र घ्या. डिक्लरेशन मिळालं का?

पळसफूल

मिळालं काका, तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांच्या ट्रंकेत होतं. बेरीज केली. १००. आमच्या फ्लॅटचा हिस्सा १२.४ टक्के. ओसी आहे, नकाशात चार मजले आणि प्रत्यक्षात चारच. वकिलांचा सर्च सुरू आहे.

अंबाझरीकाठ

छान वाटलं वाचून.

पळसफूल

दीड महिन्यानं येतेय, त्याबद्दल माफी.

सर्च स्वच्छ आला. एस्टिमेटचा कागद ठेवला आणि मालक ४६ वरून ४४.५ वर आले. त्यांनीही एकच अट घातली, कडुनिंब तोडायचा नाही. मुलीच्या जन्माच्या वर्षी त्यांनी लावला होता, ती आता नाशिकला असते. सासूबाई म्हणाल्या, ही अट त्यांनी घातली नसती तर आपण घातली असती.

कर्ज ३५.६ लाख मंजूर झालं, हप्ता ३०,९०० च्या जवळ. घर माझ्या एकटीच्या नावावर आहे, नवरा कर्जात सोबत. सवलतीमुळे वाचलेले ४४ हजार प्लंबिंगला गेले. सेल डीडच्या दिवशी सगळे कागद एका फाइलमध्ये लावले, सर्वांत वर डिक्लरेशन. असोसिएशनच्या पहिल्या बैठकीला मी गेले तेव्हा ज्या दोघांनी मेंटेनन्स थकवला होता त्यातल्या एकांनी तिथल्या तिथे चेक दिला. दुसरे अजून आले नाहीत. लिफ्टचा एएमसी परवा झाला, आठपैकी सात घरांनी पैसे काढले.

ताबा एक तारखेला. आईंच्या खोलीतला कूलरचा स्टँड पार गंजलाय, खालची भिंतही थोडी ओली होती, ती करून घेतली. दुसऱ्या मजल्यावर स्टँड बसवून देणारा कोणी खात्रीचा माणूस माहीत आहे का? मार्च उजाडायच्या आत व्हायला पाहिजे.

तर्रीपोहे

ताई, अभिनंदन! माणूस हाय, आमच्या स्कीममधी त्यानंच सगळे लावले. नंबर मेसेजमधी टाकला. त्याले सांगा का खाली चार बोल्ट पाह्यजे, दोन नाई. आन् लवकर बोलवा, फेब्रुवारी लागला का तो कोणाले सापडत नाई.